तीन अँपिअरचा एलईडी आणि सहा अँपिअरचा हट्ट

माझ्या टेबलाच्या खणात, काडेपेटीच्या डबीत कापूस घालून ठेवलेला एक एलईडी आहे, आणि तो अर्धा मेलेला आहे. त्याला एक अँपिअर प्रवाह दिला की तो व्यवस्थित उजळतो आणि सहज पाहणाऱ्याला त्यात काही वावगे दिसत नाही. मात्र मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून त्याच्या दोन टोकांना टेकवला, तर चांगला एलईडी जसा काजव्यासारखा मंद पेटतो तसा तो पेटत नाही. आत कुठेतरी प्रवाहाला चोरवाट मिळाली आहे. थोडाथोडका प्रवाह त्या वाटेने निघून जातो आणि प्रकाशाच्या वाट्याला काहीच उरत नाही. हे त्याचे हाल मी केले आहेत, आणि ते कसे केले हे सांगताना टॉर्चच्या एलईडीला त्याच्या क्षमतेबाहेर चालवले तर नेमके काय होते, हेही सांगता येईल.

आमच्या लहानपणी टॉर्चला बॅटरी म्हणत आणि आतल्या बॅटरीला सेल. त्या पिवळट प्रकाशाच्या बॅटऱ्या घेऊन रात्रीची गडचढाई केलेल्या माणसाला एलईडीचे टॉर्च हातात आल्यावर जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. अमेरिकेतल्या क्री कंपनीने २०१० च्या नोव्हेंबरात एक्सएम-एल नावाचा एलईडी जाहीर केला, तेव्हा ३ अँपिअर प्रवाहावर, म्हणजे सुमारे १० वॅटवर, १००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप) हा आकडा वाचून माझा विश्वास बसला नव्हता. पाच मिलिमीटर लांबी-रुंदीचा तो तुकडा करंगळीच्या नखावर सहज मावतो. दोन वर्षांनी त्याची सुधारलेली आवृत्ती, एक्सएम-एल २, आली. माझ्या खणातला तो दुर्दैवी जीव याच जातीचा आहे.

डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, त्याचा कमाल प्रवाह ३ अँपिअर आणि जंक्शनचे, म्हणजे प्रकाश जिथे निर्माण होतो त्या थराचे, कमाल तापमान १५० अंश सेल्सिअस असे दिलेले आहे. हौशी मंडळी मात्र त्यातून ५ आणि ६ अँपिअर सर्रास खेळवतात, आणि असे टॉर्च वर्षानुवर्षे चालतात. मग कंपनी उगीच घाबरवते का? तसे नाही. कंपनीला असा एलईडी विकायचा असतो, जो रस्त्यावरच्या दिव्यात रात्रभर, रोज, वर्षानुवर्षे जळेल. त्यासाठी एलएम-८० नावाची चाचणी असते, तिच्यात ठरावीक प्रवाहावर आणि तापमानावर एलईडी किमान ६००० तास सलग जाळून त्याचा प्रकाश किती उतरला ते मोजतात, आणि त्यावरून प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर यायला किती तास लागतील याचा अंदाज बांधतात. आता माझ्यासारखा माणूस टॉर्च दिवसाला सरासरी दहा मिनिटे लावतो असे धरले, तर वर्षाचे साधारण ६० तास होतात. चाचणीचे ६००० तास भरायलाच मला शंभर वर्षे लागतील. डेटाशीटमधला कमाल आकडा हा मोडण्याचा बिंदू नसून दीर्घायुष्याची हमी किती प्रवाहापर्यंत आहे त्याची रेघ आहे, आणि टॉर्चवाल्याला त्या दीर्घायुष्यातले फारच थोडे लागते. म्हणून रेघ ओलांडून तो सुखरूप परत येतो. पण त्या रेघेपलीकडे दुसरी एक रेघ असते, ती डेटाशीटमध्ये छापलेली नसते, आणि ती कुठे पडेल हे एलईडीपेक्षा त्याच्या पाठीखाली काय आहे यावर जास्त ठरते.

मी ते असे पाहिले. एका मित्राच्या वर्कशॉपमधून १० अँपिअरचा पॉवर सप्लाय दोन दिवसांसाठी आणला. एकाच खरेदीतले दोन एलईडी घेतले. एक बाजारात नेहमी मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या स्टारवर, म्हणजे त्या वीस मिलिमीटरच्या चांदणीच्या आकाराच्या चकतीवर, बसवला आणि दुसरा तांब्याच्या चकतीवर. डाख देण्यासाठी घरातली जुनी इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर चकती तापवली. सोल्डर पेस्ट करडी असते, ती १८३ अंशांच्या पुढे गेली की क्षणात चकचकीत होते आणि एलईडी स्वतःहून सरकून जागेवर बसतो. हे दृश्य मी अजूनही दर वेळी श्वास रोखून पाहतो. मग संगणकाच्या प्रोसेसरवरचा पंखा लावलेला जुना हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून हवेत टाकणारा धातूचा ठोकळा, घेतला, त्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर दिला, चकती दोन स्क्रूंनी आवळली, समोर पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दुसऱ्या टोकाला उजेड मोजणारा लक्समीटर ठेवला आणि प्रवाह अर्ध्या-अर्ध्या अँपिअरने वाढवत गेलो. उन्हाचा चष्मा लावला होता, आणि तो लावायलाच हवा. उघड्या एलईडीकडे सरळ पाहणे हा शहाणपणा नव्हे.

ॲल्युमिनियमवरचा एलईडी ३ अँपिअरपर्यंत शहाण्यासारखा वागला. साडेतीन, चार, वाढ होत होती पण प्रत्येक पायरीला कमी. साडेचारला आकडा आधी थोडा वर गेला आणि मग माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली येऊन चारच्या आकड्याला टेकला. पाचला तो चारच्याही खाली आला. इथे थांबायला हवे होते. साडेपाचला प्रकाशाचा रंग बदलला: पांढऱ्यात निळसर झाक आली, जशी वेल्डिंगच्या ठिणगीत असते, आणि गरम सिलिकोनचा तो मंद, गोडसर वास आला. सप्लाय बंद करून भिंगाखाली पाहिले तर वरच्या पारदर्शक घुमटाच्या मधोमध चहाच्या डागासारखा तपकिरी ठिपका पडला होता. खणातला एलईडी तो हाच.

तांब्यावरचा त्याचा भाऊ मात्र पाचला निर्धास्त होता, सहाला पोहोचेपर्यंत आकडा वाढतच होता, जरी शेवटच्या अँपिअरने जवळजवळ काही दिले नाही. साडेसहाला आकडा मागे फिरला तेव्हा मी सप्लाय उतरवला. नंतर डायोडच्या खुणेवर तो काजव्यासारखा पेटला. एकाच खरेदीतले दोघे, एकाच हीटसिंकवर, आणि फरक दीड-दोन अँपिअरचा.

याचे कारण गणिताने सांगता येते, आणि ते गणित मला फार आवडते. ६ अँपिअर प्रवाहाला या एलईडीवर पावणेचार व्होल्टच्या आसपास दाब पडतो, म्हणजे तो सुमारे २२ वॅट वीज खातो. त्यातले सहा-सात वॅट प्रकाश म्हणून बाहेर पडतात असे उदारपणे धरले, तरी १५-१६ वॅट उष्णता उरते. ही उष्णता निर्माण कुठे होते, तर साधारण दोन मिलिमीटर बाजूच्या चौकोनी चिपमध्ये, म्हणजे ४ चौरस मिलिमीटरमध्ये. दर चौरस सेंटिमीटरला हा हिशेब ४०० वॅटच्या घरात जातो. ज्या इस्त्रीवर मी डाख दिला ती १००० वॅटची आहे, आणि तिचा तळ दोनशे चौरस सेंटिमीटरच्या जवळपास. तिथे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट पडतात. इस्त्रीच्या ऐंशीपट घनतेने तापणारी ही गोष्ट आपण खिशात घालतो.

आता ती उष्णता खाली कशी जाते ते पाहू. एलईडीच्या स्वतःच्या पोटातून तळापर्यंत येताना दर वॅटमागे अडीच अंश चढतात, असे डेटाशीट सांगते. १६ वॅटला ४० अंश. ॲल्युमिनियमच्या चकतीत तांब्याचा पातळ पत्रा आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक थर असतो. तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाच जाड असतो, पण विजेबरोबर उष्णतेलाही अडवतो: तांब्याची उष्णतावाहकता चारशेच्या आसपास, ॲल्युमिनियमची सव्वादोनशेच्या पुढे, आणि या थराची एक ते तीन. एलईडीच्या एवढ्याशा तळाखाली त्या थराचा अडथळा वॅटमागे सुमारे चार अंश धरला, तर १६ वॅटला आणखी ६४ अंश चढतात. चकतीखालचा धातू ५० अंशांवर असेल, तर ५० अधिक ६४ अधिक ४०, म्हणजे १५४. जंक्शनची मर्यादा ओलांडली. तांब्याच्या ज्या चकतीत एलईडीचा मधला तळ मधल्या थराशिवाय थेट तांब्यावर डाखलेला असतो, तिच्यात ते ६४ अंश जवळजवळ गळून पडतात आणि तोच एलईडी शंभराच्या आत राहतो. दोन चकत्यांच्या किमतीत कटिंग चहाच्या दहा-बारा कपांएवढा फरक असेल. यावर पैसे वाचवणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचे नाही, कारण बरीच वर्षे मी त्यांच्यातलाच होतो.

मात्र तांब्यावरही प्रकाश शेवटी मागे फिरलाच, आणि केवळ उष्णतेवर बोट ठेवून त्याचा उलगडा होत नाही. निळा प्रकाश देणाऱ्या या इंडियम गॅलियम नायट्राइडच्या चिपा प्रवाह वाढला की थंड ठेवल्या तरी मंदावतात. क्रीच्याच जाहीर आकड्यांत हे उघड होते: ३५० मिलिअँपिअरला वॅटमागे १६० ल्युमेन, ३ अँपिअरला वॅटमागे १००. वीज दसपट ओतली, प्रकाश सव्वासहापट मिळाला. याला ड्रूप म्हणतात. कारणांविषयी संशोधकांत बरीच वर्षे वाद होता. २०१३ मध्ये सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील आणि फ्रान्सच्या एकोल पॉलिटेक्निकमधील संशोधकांनी चालू एलईडीतून बाहेर पडणारे अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन प्रत्यक्ष पकडून दाखवले आणि दोषाचे बोट ओझे पुनर्संयोगाकडे वळले. पिएर ओझे हे फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे, मराठीतल्या ओझ्याशी त्याचा संबंध नाही. पण योगायोगाने शब्द चपखल बसतो. इलेक्ट्रॉन आणि त्याची जोडीदार पोकळी भेटली की प्रकाशकण निघावा अशी अपेक्षा असते. गर्दी वाढली की ही ऊर्जा प्रकाश न होता शेजारच्या तिसऱ्या कणाच्या डोक्यावर पडते, आणि तो ती उष्णतेच्या रूपाने उधळून टाकतो. गर्दी जितकी दाट, तितके हे जास्त. त्यामुळे प्रवाह वाढवणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो: प्रकाशाचे प्रमाण घटते, आणि घटलेला वाटा उष्णता होऊन पुन्हा चिपच्याच अंगावर येतो.

निळसर झाकेचे कारण आणखी वेगळे आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावरचा पिवळा फॉस्फर काही निळा प्रकाश गिळून पिवळा करून देतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरे दिसते. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचे ५६० च्या आसपासचे पिवळे करताना ऊर्जेचा पाचवा हिस्सा त्या फॉस्फरमध्येच उष्णता म्हणून उरतो. फॉस्फर बसलेला असतो सिलिकोनमध्ये, आणि सिलिकोन उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत लाकडासारखाच मठ्ठ. म्हणून प्रवाह फार वाढला की फॉस्फरचा थर चिपपेक्षाही तापू शकतो, तापलेला फॉस्फर काम कमी करतो, आणि न बदललेला निळा तसाच बाहेर पडतो. इंग्रजीत हौशी लोक या रंगाला ‘संतप्त निळा’ म्हणतात. तो दिसताच हात मागे घेतला तर बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही; एलईडी थंड झाला की पांढरा होतो. मी घेतला नाही.

बिघडते ते तीन-चार जागी. सिलिकोन करपतो, तो परत पारदर्शक होत नाही. चिपच्या वरच्या बाजूला प्रवाह पोहोचवणाऱ्या केसासारख्या तारा असतात, त्या प्रवाहाच्या लोंढ्यात फ्यूजसारख्या वितळतात, आणि मग एलईडी एका क्षणात काळोख करतो. कधी चिपखालचा थर सुटतो. कधी चिपमध्येच ती चोरवाट पडते, आणि हा प्रकार सर्वात फसवा, कारण पूर्ण प्रकाशात टॉर्च ठणठणीत वाटतो आणि तंबूत मध्यरात्री सर्वात मंद प्रकाशाची गरज पडते तेव्हा तो पेटतच नाही. जुन्या ओव्हरड्राइव्ह केलेल्या टॉर्चची परीक्षा मंद प्रकाशावर करावी, हे मी त्या खणातल्या एलईडीकडून शिकलो.

टेबलावर सप्लाय हवा तितका प्रवाह देतो. टॉर्चमध्ये तो द्यायचा सेलने, आणि तिथे दुसरीच कथा सुरू होते. पूर्ण भरलेला १८६५० सेल (टॉर्चमध्ये नेहमी वापरला जाणारा लिथियम-आयन सेल) ४.२ व्होल्टचा असतो. सेलचा स्वतःचा अंतर्गत रोध, दोन स्प्रिंगा, शेपटीचे बटण आणि बारीक वायर हे सगळे मिळून एक दशांश ओहम झाला, तर ६ अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि एलईडीच्या वाट्याला ३.६ उरतात, म्हणजे ६ अँपिअरला लागतात त्याहूनही थोडे कमी. त्यामुळे ज्या टॉर्चमध्ये प्रवाहाचे नियंत्रण न करता सेल एलईडीला सरळ जोडून देतात, त्यांत हा एलईडी सहाच्या आसपास स्वतःच अडखळतो. त्याला वाचवणारा रखवालदार म्हणजे ती स्वस्त, पातळ स्प्रिंग. हौशी माणूस काय करतो, तर त्याच स्प्रिंगला समांतर तांब्याची वेणी डाखतो आणि जास्त प्रवाह देणारा सेल आणतो. एक्सएम-एल २ हे सोसतो, पण ज्या एलईडीला कमी दाब पुरतो त्यांच्या बाबतीत हे धोक्याचे ठरते: त्यांना ३.६ व्होल्टमध्ये कितीतरी जास्त प्रवाह ओढता येतो. शिवाय तापल्यावर एलईडीला लागणारा दाब दर अंशाला दोन-एक मिलिव्होल्टने उतरतो, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. अशा जोडणीत नवाकोरा सेल पहिल्यांदा घालण्याचा क्षण सर्वात वाईट असतो.

आणि शेवटी टॉर्चचे शरीर. एका सेलचा टॉर्च म्हणजे तेरा सेंटिमीटर लांब, अडीच सेंटिमीटर व्यासाची नळी. तिचा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटरच्या थोडा वर भरतो. स्थिर हवेत असा पृष्ठभाग एक अंश फरकाला वॅटचा दहावा भाग टाकू शकतो. १६ वॅट टाकायला त्याला हवेपेक्षा १६० अंश जास्त तापावे लागेल, म्हणजे हे शक्यच नाही. टॉर्च उष्णता टाकत नसून साठवत असतो. दीडशे ग्रॅम ॲल्युमिनियम १६ वॅटने मिनिटाला सात अंश चढते. तीस अंशांवरून साठवर जायला चार मिनिटे पुरतात, आणि साठ अंशांचा धातू हातात धरवत नाही. गंमत अशी, की डेटाशीटमध्ये मान्य असलेल्या ३ अँपिअरची सात वॅट उष्णतासुद्धा ही नळी कायमची टाकू शकत नाही. खोक्यावर छापलेले ल्युमेन टॉर्चसाठीच्या एएनएसआय एफएल-१ मानकाप्रमाणे सुरू केल्यानंतर अर्ध्या मिनिटापासून दोन मिनिटांपर्यंतच्या काळात मोजतात, आणि बहुतेक टॉर्च त्यानंतर गुपचूप प्रकाश उतरवतात, त्यामागे हेच गणित आहे. मला यात फसवणूक वाटत नाही. मात्र दुकानदाराने तेवढे सांगायला हरकत नसते.

मग सहा अँपिअरने मला मिळाले काय? तांब्यावरच्या एलईडीने ३ अँपिअरपेक्षा साधारण दीडपट प्रकाश दिला. त्याच मानकात झोताचे अंतर म्हणजे जिथे पाव लक्स उजेड उरतो ते, आणि ते प्रकाशाच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून दोनशे मीटरचा झोत जवळजवळ अडीचशेपर्यंत गेला. ३००० मिलिअँपिअर-तासांचा सेल तासाऐवजी अर्ध्या तासात संपला; म्हणजे त्या एका सेलमधून निघालेला एकूण प्रकाश पाऊणपटीवर आला. राजगडाच्या चढावर, मध्यरात्री, पाली दरवाज्याच्या खालच्या पायऱ्यांवर मी तो टॉर्च सहावर आणि तीनवर आळीपाळीने लावून सोबत्याला विचारले, की यातला जास्त कुठला. त्याने दोनदा चुकीचे उत्तर दिले. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, “पुढे बघ, पाय घसरेल.”

सध्या त्या टॉर्चमध्ये तांब्याचीच चकती आहे, पण ड्रायव्हर, म्हणजे एलईडीचा प्रवाह ठरवणारे सर्किट, बदलला आहे. त्यावर प्रत्येकी ३५० मिलिअँपिअर प्रवाह देणाऱ्या ‘७१३५’ नावाच्या चिपा आठ होत्या, म्हणजे २.८ अँपिअर, मी आणखी चार चिपा पहिल्यांच्या डोक्यावर डाखल्या आणि ४.२ वर थांबलो. सेल थोडा उतरला की हा आकडा गाठत नाही, हे मला माहीत आहे. नव्या सेलवर पहिली काही मिनिटे मात्र तो मिळतो, आणि खरे सांगायचे तर तेवढ्यासाठीच ते चार डाख दिले.